थर्मल ड्रोन उडवा, पण वेळ आणि उंची पाहून

संपादक महोदय,

जुन्नर-शिरूर पट्ट्यात बिबट्या शोधायला थर्मल ड्रोन उडवणं आता नवलाचं राहिलेलं नाही. पण ड्रोनला काही दिसलं नाही म्हणजे शिवारात बिबट्या नाही, असा अर्थ गावोगाव काढला जातो. तो जिवावर बेतू शकतो.

ड्रोनवरचा थर्मल, म्हणजे उष्णता टिपणारा, कॅमेरा उसाच्या आरपार पाहत नाही. जनावराच्या अंगातून निघणारे ८ ते १४ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीचे अवरक्त किरण तो टिपतो आणि हिरवं पान ते किरण अडवतं. दाट उसात जनावर दिसलंच तर फटीतून, तुकड्यातुकड्यानं. म्हणून कॅमेरा सरळ खाली रोखून, सरीच्या रेषेत उडवावं लागतं.

वेळही महत्त्वाची. दुपारी ढेकळं आणि दगड जनावराइतकेच तापलेले असतात, चित्रात सगळं एकजीव होतं. अंधार पडल्यावरही विहिरीचा कठडा बराच वेळ उबदार राहतो. पहाटे, सूर्योदयाच्या आधी, जमीन गार असते. तीच वेळ खरी.

उंचीचं गणित तर सहसा कुणी मांडतच नाही. कॅमेऱ्यात १२ मायक्रॉनचा पिक्सेल (चित्राचा एक ठिपका टिपणारा कण) आणि १९ मिलिमीटरची लेन्स असेल, तर १०० मीटरवरून एक पिक्सेल जमिनीवर सुमारे ६.३ सेंटिमीटर व्यापतो. बिबट्याची पाठ साधारण ३० सेंटिमीटर रुंद धरली तर जेमतेम पाच पिक्सेल. ‘काहीतरी आहे’ एवढं कळेल. कुत्रं की बिबट्या, हे ओळखायला आठेक पिक्सेल लागतात, म्हणजे ६० मीटरपर्यंत खाली यायला हवं. डिजिटल झूमनं ठिपका मोठा होतो, माहिती वाढत नाही.

चौकटीत गुऱ्हाळाचं पेटलेलं चुलाण आलं की कॅमेऱ्याची आपोआप चालणारी तापमानपट्टी (कोणत्या तापमानाला कोणता रंग, हे ठरवणारी) त्याच्याकडे ओढली जाते आणि बिबट्या मातीच्या रंगात विरतो. ती पट्टी हातानं बांधून ठेवावी.

माग काढताना सॉफ्टवेअर आधी ड्रोनची स्वतःची हालचाल वजा करतं, उरलेल्या हलत्या ठिपक्याची पुढची जागा अंदाजतं आणि तिथेच शोधतं. सेकंदाला ९ चित्रं देणाऱ्या स्वस्त कॅमेऱ्यात, सेकंदाला १५ मीटर पळणारं जनावर दोन चित्रांमध्ये पावणेदोन मीटर सरकतं; ३० चित्रांच्या कॅमेऱ्यात अर्धाच मीटर. त्यातच कॅमेरा मधूनमधून शटर टाकून स्वतःला जुळवून घेतो, तेव्हा चित्र क्षणभर गोठतं आणि माग तुटतो. पाठलाग सुरू करण्यापूर्वी ही जुळवणी हातानं उरकून घेतलेली बरी.

‘बिबट्या आढळला नाही’ असं जाहीर करताना उड्डाणाची वेळ, उंची आणि पाहिलेलं क्षेत्रही सांगावं, एवढीच मागणी.

– थर्मल ड्रोन सर्वेक्षण करणारे काही तंत्रज्ञ, नारायणगाव