व्हॉल्व्हच्या मागे तुम्ही पाहिलंत, मॅडम

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

आईला डिस्चार्ज मिळाला त्या दिवशी सर्जन सरांना भेटलो, वॉर्डातल्या सिस्टरांना पेढे दिले. तुम्ही इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, खोलीत पेशंट तपासत होतात आणि बाहेर मोठी रांग होती, म्हणून तसेच निघालो. ते आभार या पत्रातून मानते आहे, आणि मुद्दाम सगळ्यांसमोर. ऑपरेशन कुणी केलं हे गावात प्रत्येकाने विचारलं. दुखणं कुणी ओळखलं हे एकानेही विचारलं नाही.

लहानपणच्या संधिवाती तापाने आईच्या हृदयाचा मायट्रल व्हॉल्व्ह, म्हणजे डाव्या बाजूची झडप, आकसला होता, त्यावर चुनाही साचला होता. तो काढून चित्रा नावाचा कृत्रिम व्हॉल्व्ह बसवला. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत विकसित झालेला, 1990 पासून पेशंटना बसवला जाणारा. आई सुधारली, शेतावर जाऊ लागली. मग काही महिन्यांनी पुन्हा धाप, कोरडा खोकला, रात्री उशाला दोन उशा. रक्त किती पातळ आहे हे सांगणारी आयएनआर तपासणी व्यवस्थित, व्हॉल्व्हची टिकटिक व्यवस्थित. अशक्तपणा असेल, असंच जो तो म्हणे.

तुमच्याकडे आलो तेव्हा व्हॉल्व्ह नीट उघडतोय-मिटतोय हे तुम्हाला लगेच दिसलं होतं. तेवढं लिहून पुढचा पेशंट घेता आला असता. पण हृदयाच्या मागे एक काळी पोकळी दिसत होती. ऑपरेशननंतर तिथे पाणी साचतं, तसंच ते असेल असं वाटण्यासारखी. तुम्ही आईला डाव्या कुशीवर आणखी वळवलंत, प्रोब तिरका केलात, रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणारा कलर लावलात. प्रत्येक ठोक्याला रक्त एका अरुंद तोंडातून त्या पोकळीत जात होतं आणि परत येत होतं. नुसतं साचलेलं पाणी असं ये-जा करत नाही. धातूच्या व्हॉल्व्हची सावली पडते, एका बाजूने झाकलेलं दुसऱ्या बाजूने बघावं लागतं, असं सांगून तुम्ही अन्ननलिकेतून इको केलात आणि नंतर सीटी अँजिओ करायला सांगितलंत. सीटीत तोंड किती रुंद, पिशवी केवढी, हृदयाची रक्तवाहिनी किती जवळून जाते, सगळं स्पष्ट झालं.

स्यूडोअ‍ॅन्युरिझम हा शब्द ऐकून आम्ही गांगरलो होतो. तुम्ही आईकडेच वळलात आणि म्हणालात, "मावशी, बांधाला भगदाड पडलंय. पाणी अजून शिवारात गेलेलं नाही, बाहेरच्या झाडोऱ्याने अडवून धरलंय. पण तो झाडोरा बांध नव्हे." आईला क्षणात कळलं. हृदयाची भिंत फाटलेली, आणि रक्त थोपवून धरलेलं ते फक्त हृदयावरच्या आवरणाने आणि जुन्या ऑपरेशनच्या चिकटलेल्या पापुद्र्यांनी. त्या पिशवीला स्वतःचा स्नायू नाही, म्हणून ती कधीही फुटू शकते. कागदावर चित्र काढून तुम्ही सगळ्यांना समजावलंत.

आणखी एक गोष्ट तुम्ही केलीत, तिचं मोल मला फार वाटतं. चूक कुणाची, हा प्रश्न माझ्या भावाच्या ओठांवर होता. व्हॉल्व्हचं कडं आणि मागची भिंत एकमेकांना लागून असतात, साचलेला चुना काढताना तिथला भाग नाजूक होतो, हा धोका सगळ्या सर्जनांना ठाऊक असतो आणि म्हणूनच जमेल तिथे मागची पाकळी व तिचे दोर तसेच ठेवतात, हे तुम्ही शांतपणे सांगितलंत. त्यामुळे आमचा राग निवळला आणि आम्ही पुढच्या तयारीला लागलो.

ती तयारीही सोपी नव्हती. रक्त पातळ करणारी गोळी थांबवून त्याच कामाचं हेपारिनचं इंजेक्शन सुरू झालं. सरकारी आरोग्य योजनेच्या कागदपत्रांसाठी आरोग्यमित्र दादा आमच्यासोबत या टेबलावरून त्या टेबलावर फिरले, त्यांचेही आभार. छाती दुसऱ्यांदा उघडताना पिशवी फुटली तर, म्हणून आधी जांघेतल्या रक्तवाहिन्यांतून हार्ट-लंग मशीन जोडून ठेवलं होतं. बसवलेला व्हॉल्व्ह काढला, भगदाडाला आतून जनावराच्या हृदयावरणाचा पॅच लावला, टाके कापू नयेत म्हणून त्यांच्याखाली फेल्टचे, म्हणजे जाडसर कापडाचे, तुकडे घातले आणि मग पुन्हा व्हॉल्व्ह बसवला. शेजारून जाणारी रक्तवाहिनी टाक्यात सापडू नये याची सरांना किती काळजी घ्यावी लागली असेल! मशीन बंद करण्याआधी तुम्ही स्वतः ओटीत येऊन इको केलात, पॅचच्या कडेने थेंबभरही गळत नाही याची खात्री केलीत. हे आम्हाला नंतर भूल देणाऱ्या डॉक्टरांकडून कळलं.

आई आता एका उशीवर झोपते. जिना न थांबता चढते. तुमचं चित्र तिच्या फाइलमध्ये सगळ्यात वर लावलंय आणि तालुक्याच्या डॉक्टरांनी त्याची झेरॉक्स मागून घेतली. व्हॉल्व्ह बसवलेल्या कुणाची धाप परत आली तर आयएनआरवर न थांबता ते इकोला पाठवतात.

तपासणीला येऊ तेव्हा आई शेंगदाण्याची चटणी आणणार आहे. तिखट खात नसाल तर आधी कळवा, ती वेगळी कुटेल.

आपली कृतज्ञ,
तुमच्या मावशींची थोरली लेक