ब्लँकेट दिले, ते दिवसा ठेवायचे कुठे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

डिसेंबर उजाडला की आपल्या स्थानिक पानावर ब्लँकेटवाटपाची छायाचित्रे येऊ लागतात आणि संक्रांतीपर्यंत येत राहतात. ती पाहून नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. देणाऱ्याने पुण्यासाठी दिले की फोटोसाठी, याची चौकशी थंडीने काकडणारा माणूस करत नाही; मग आपण तरी कशाला करावी? नाशिकमध्ये हिवाळ्यात मदतीला धावणाऱ्यांची वानवा नाही. गणेशोत्सव मंडळे, ज्येष्ठ नागरिक संघ, राष्ट्रीय सेवा योजनेची मुले, गुरुद्वाऱ्याचा लंगर, दर्ग्यापाशी जमणारी तरुण मंडळी, वडिलांच्या वर्षश्राद्धाचा खर्च वाचवून खिचडी वाटणारी कुटुंबे, असे कितीतरी हात या कामात आहेत. माझे म्हणणे एवढेच आहे की या मदतीला ना वेळापत्रक आहे, ना जागा, आणि म्हणून तिच्यातली निम्मी वाया जाते. मी निवृत्त परिचारिका असून गेली काही वर्षे पंचवटीतील आमच्या मंडळाबरोबर रात्रीच्या अन्नवाटपाला जाते. तेथे जे दिसते त्यावरून हे पत्र लिहीत आहे.

वाटप कुठे होते ते आधी पाहावे. गाडी येऊ शकते, दिवे आहेत आणि देणाऱ्यालाही ठिकाण माहीत आहे, म्हणून बहुतेक सगळे गोदावरीकाठच्या रामकुंड आणि गंगाघाटावर जातात. वाटप केव्हा होते? अमावास्येला, 31 डिसेंबरच्या रात्री, एखाद्या पुढाऱ्याच्या वाढदिवशी. त्यामुळे घाटावरच्या एकाच माणसाला आठवड्यात तीन ब्लँकेटे मिळतात आणि पेठ नाक्यापलीकडे, द्वारकेच्या उड्डाणपुलाखाली किंवा नाशिकरोड स्थानकाबाहेर झोपणाऱ्याला एकही मिळत नाही. मग तीन मिळालेला माणूस त्यांतली दोन विकतो आणि आपण म्हणतो, ‘यांना द्यायचेच कशाला, हे विकून दारू पितात.’ काही जण पितात, हे खरे आहे. पण तीन ब्लँकेटे घेऊन ज्याला दिवसभर कामाच्या शोधात हिंडायचे आहे, त्याने ती न विकता काय करावे, हे मला अजून कोणी सांगितलेले नाही.

गाडगे महाराज पुलाजवळ मुक्कामाला असलेले एक आजोबा सकाळी उठल्यावर आपले ब्लँकेट चौपदरी घडी करतात, खताच्या रिकाम्या गोणीत घालतात, गोणीचे तोंड सुतळीने बांधतात आणि ती झाडाच्या बेचक्यात उंचावर खोचून ठेवतात. संध्याकाळी परत येईपर्यंत ती राहिली तर नशीब. बहुतेकदा ती कोणीतरी नेते, किंवा सफाईच्या फेरीत कचरा समजून उचलली जाते. राहिलीच तर रात्रीच्या दवाने ओली होते. मागच्या खेपेला आम्ही ब्लँकेट पुढे केले तेव्हा ते म्हणाले, “ताई, पांघरूण बास झालं. ठेवायला एखादी पेटी असली तर सांगा.” त्यांच्या या एका वाक्यात आमच्या सगळ्या हिशेबाची चूक सापडते. आपण वस्तू देतो. त्यांना हवी आहे ती वस्तू राहील अशी चार फूट जागा.

माझ्या पेशामुळे आणखी काही गोष्टी सांगणे भाग आहे. थंडी जितकी वरून लागते तितकीच खालून लागते. फरशी आणि सिमेंटचा ओटा अंगातली ऊब रात्रभर शोषून घेतात. म्हणून वर दोन ब्लँकेटे घेण्यापेक्षा एक वर आणि खाली जाड पुठ्ठा, गोणपाट किंवा जुनी सतरंजी हे अधिक उपयोगाचे असते. शहरातल्या दुकानांतून रोज गाडाभर पुठ्ठा रद्दीत जातो. तो कोरडा मिळाला तर फुकटात गादी होते. कानटोपी आणि पायमोजे स्वस्त असतात, चोरीला कमी जातात आणि खिशात मावतात, तरीही वाटपाच्या यादीत ते क्वचितच असतात. दारूने थंडी पळते हा समज तर जीवघेणा आहे. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, माणसाला ऊब वाटते, पण शरीराच्या आतली उष्णता उलट भराभर निघून जाते.

याहून गंभीर बाब अशी की ज्याचे अंग धोक्याच्या पातळीपर्यंत गार पडले आहे, त्याची जीभ जड होते, तो अडखळत चालतो आणि विचारलेल्याला भलतेच उत्तर देतो. येणारे-जाणारे त्याला ‘पिलेला’ समजून पुढे जातात. वृद्धांना अशा वेळी हुडहुडी भरेलच असे नाही, कारण त्यांच्या शरीराची ती ताकदच कमी झालेली असते. असा माणूस दिसला तर त्याचे ओले कपडे काढावेत, डोके झाकावे, शुद्धीवर असेल तर गोड गरम चहा घोटघोट द्यावा, हातपाय चोळू नयेत आणि 108 क्रमांकाला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. वाटपाला जाणाऱ्या प्रत्येक गटात एका तरी व्यक्तीला एवढे ठाऊक असले पाहिजे.

आता अन्नाविषयी. 26 जानेवारी 2020 पासून राज्यात शिवभोजन थाळी सुरू झाली. दहा रुपयांत दोन पोळ्या, भाजी, वरण आणि भात. केंद्रचालकांची देयके थकल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, ते दुखणे वेगळे. पण ही थाळी अनेकांचा आधार ठरली, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र ती दुपारची आहे. शरीराला ऊब टिकवायला इंधन लागते ते रात्री, आणि हिवाळ्यातली रात्र तेरा तासांची असते. दुपारी एक वाजता जेवलेला माणूस दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तसाच राहिला तर कोणतेही पांघरूण त्याला पुरे पडत नाही. स्वयंसेवी मंडळांनी आपली शक्ती घालायची असेल तर ती संध्याकाळी सात ते नऊ या वेळेत घालावी. ही वेळ सरकारी योजनेने मोकळी सोडली आहे आणि रात्री अकरानंतर झोपलेल्याला उठवून पाकीट हातात देण्यात काही अर्थ नसतो. शिवाय झोपेतून दचकून उठलेल्या बाईला अंधारात समोर चार पुरुष उभे दिसले तर तिला काय वाटत असेल, याचाही विचार व्हावा. आमच्या गटात म्हणूनच पुढे नेहमी बायका असतात.

काय द्यावे यालाही महत्त्व आहे. लग्नसराईत मंगल कार्यालयांतून मध्यरात्री फोन येतात: पनीर, पुलाव, गुलाबजाम उरले आहेत, घेऊन जा. भावना चांगली असते, पण शिजवलेला भात तासन्‌तास उघड्यावर राहिला की त्याने पोट बिघडते आणि रस्त्यावर राहणाऱ्याला जुलाब होणे म्हणजे काय असते, हे शौचालय हाताशी असलेल्यांना समजणे कठीण आहे. उरलेले अन्न द्यायचेच असेल तर पंगत संपण्याची वाट न पाहता आधीच वेगळे काढून, झाकून, गरम असताना द्यावे. रस्त्यावरच्या वृद्धांपैकी अनेकांना दात नाहीत आणि मधुमेह असलेलेही कमी नाहीत. त्यांना जिलेबी आणि कडक पुरी काय कामाची? मऊ मुगाची खिचडी, हुलग्याचे माडगे, कढीत कुस्करलेली बाजरीची भाकरी यांनी पोट भरते आणि अंगात ऊब राहते. आमच्याकडे आळीतील बायका पाळीपाळीने खिचडी रांधतात. तूप वरून घालायचे की नाही यावर दर आठवड्याला वाद होतो आणि दर आठवड्याला तूप घातले जाते.

बेघर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे भिकारी येतो, ही आणखी एक अडचण. जिल्हा रुग्णालयाबाहेर रात्र काढणारे सुरगाणा, पेठ, कळवणकडचे नातेवाईक हात पसरत नाहीत, पण त्यांची रात्र तितकीच गारठ्यात जाते. द्राक्षाच्या हंगामात छाटणी आणि डिपिंगच्या (घड औषधाच्या द्रावणात बुडवण्याच्या) कामांसाठी आदिवासी पाड्यांवरून जी कुटुंबे दिंडोरी-निफाडकडे येतात, त्यांतली बरीच मजूर अड्ड्यांच्या आसपास उघड्यावर पाल ठोकून राहतात; सोबत तान्ही मुले असतात. डिसेंबर 2018 मध्ये निफाडचा पारा 1.8 अंशांपर्यंत उतरला, तेव्हा द्राक्षबागा वाचवण्यासाठी पहाटे बागांत शेकोट्या पेटल्या आणि त्यांची छायाचित्रे सर्वत्र छापून आली. बाग वाचलीच पाहिजे. वर्षाचे कर्ज तिच्यावर असते. त्या बागेत राबणारी माणसे त्या रात्री कुठे झोपली होती, हा प्रश्न मात्र तेव्हा कोणाच्या बातमीत आल्याचे मला आठवत नाही. मजुरांच्या निवाऱ्याची सोय ही बागायतदार आणि ग्रामपंचायती यांनी मिळून करण्याची गोष्ट आहे. तेथे शहरातल्या मंडळांनी ब्लँकेटे नेऊन टाकणे पुरेसे नाही.

निवाऱ्याचा विषय निघाला की दान संपते आणि हक्क सुरू होतो. अन्नाच्या अधिकाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये शहरांत दर लाख लोकसंख्येमागे एक, वर्षभर आणि चोवीस तास चालणारा निवारा असावा असे बजावले. पुढे राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातही हाच निकष आला. 2011 च्या जनगणनेत नाशिक शहराची लोकसंख्या 14 लाख 86 हजार होती. म्हणजे तेव्हाच्याच आकड्यावर पंधरा निवारे हवेत. त्याच जनगणनेने महाराष्ट्रात 2 लाख 10 हजारांहून अधिक बेघर मोजले होते, आणि ज्याचे घरच नाही त्याला जनगणनेच्या एका रात्रीत शोधायचे म्हटल्यावर त्यांतले कितीतरी निसटले असणार. निवारे किती आहेत, त्यांत खाटा किती, त्यांतल्या बायकांसाठी किती, आणि आधारकार्ड नसलेल्याला दारातूनच परत पाठवले जाते का, ही माहिती महापालिकेने दर हिवाळ्याच्या सुरुवातीला जाहीर करावी. खरी पंचाईत अशी की निवारा असला तरी माणसे तेथे जायला घाबरतात. त्याला कारण आहे. 1959 चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा आपल्या राज्यात आजही लागू असून त्याखाली भीक मागणाऱ्याला पकडून भिक्षेकरी गृहात ठेवता येते. दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये या कायद्याची भिकेला गुन्हा ठरवणारी कलमे दिल्लीपुरती रद्द केली. आपल्याकडे ती शाबूत आहेत. रात्री गाडी घेऊन येणारा माणूस निवाऱ्यात नेतो आहे की कोठडीत, हे ज्याला कळत नाही तो पुलाखालीच राहणे पसंत करतो.

ही भीती 2027 च्या सिंहस्थाच्या तोंडावर वाढणार, हे उघड आहे. घाट स्वच्छ दिसावेत म्हणून माणसे हलवली जातील आणि पर्वणी आटोपली की ती पुन्हा तेथेच येतील. सिंहस्थासाठी शहरात शेड, शौचालये, पाण्याच्या टाक्या यांवर मोठा खर्च होणारच आहे. त्यांतली निदान दोन-तीन बांधकामे पर्वणीनंतर मोडून न टाकता रात्रनिवारा म्हणून कायम ठेवावीत, अशी तरतूद आराखड्यात आताच करता येईल. कुंभात लाखो अनोळखी माणसांच्या निजण्याची सोय जे शहर करू शकते, त्याला स्वतःच्या काही शे माणसांची करता येत नाही, हे मला पटत नाही.

तोवर मंडळांनी आणि संस्थांनी करण्याजोगे बरेच आहे. धर्मशाळा, मठ, समाजमंदिरे आणि मंगल कार्यालयांनी भिंतीलगत कुलूपबंद फडताळांची एक रांग दिली तर अंथरूण-पांघरूण दिवसा तेथे राहील; त्याला नाव-गावाची वही आणि किल्ल्या सांभाळणारा एक माणूस एवढेच लागते. गारठा फार वाढेल त्या रात्री शाळांचे वर्ग उघडता येतील का, याचा विचार शिक्षण विभागाने करावा. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नये, हे मात्र तेथे मोठ्या अक्षरांत लिहावे, कारण तिच्या धुराने झोपेतच माणूस जातो. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे कोणी कोणत्या वारी कोणत्या ठिकाणी जायचे, हे आपसांत ठरवावे, म्हणजे घाटावर एकाच रात्री चार टेम्पो आणि नाशिकरोडला एकही नाही, असे होणार नाही.

यासाठी आपल्या वृत्तपत्राने दर सोमवारी स्थानिक पानावर एक लहानशी चौकट द्यावी, ही विनंती. तीत संस्थांची नावे मोठ्या अक्षरांत नकोत आणि छायाचित्रही नको. ठिकाण, वार, वेळ आणि अन्न की पांघरूण, एवढेच असावे. पंचवटीतील मालेगाव स्टँड आणि पेठ नाका येथील मंगळवार व शुक्रवारची संध्याकाळ आमच्या मंडळाने घेतली आहे. बाकीचे पाच वार आणि बाकीची ठिकाणे मोकळी आहेत.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका,
पंचवटी, नाशिक