तापी, तुझ्या नावाबद्दल

चि. तापीस अनेक आशीर्वाद.

तुझा परवाचा मेसेज वाचला. ऑफिसातल्या नव्या साहेबांनी 'हे नाव की आडनाव?' असं विचारलं म्हणतेस. आणि पासपोर्टच्या फॉर्मवर 'ताप्ती' लिहिलं तर चालेल का, तेच जरा बरं वाटतं, असंही तू विचारलं आहेस. फोनवर हो-नाही सांगून मोकळी झाले असते, पण तुझ्या नावाची हकिकत एकदा सविस्तर लिहून द्यायचं माझ्या मनात होतंच. आज शाळेला सुट्टी आहे, म्हणून बसले.

तुझा जन्म स्वातीच्या चौथ्या चरणावर, म्हणून जोशीबुवांनी अक्षर काढून दिलं 'ता'. घरात लगेच यादी सुरू झाली: तारा, तान्या, तारिणी. मी तापी म्हटलं तर सगळे गप्पच झाले. तुझ्या मामीनं काळजीनं विचारलं, "अहो, शाळेत पोरं ताप म्हणून चिडवतील ना तिला!" तिचं खोटं नव्हतं, चिडवलंच तुला. पण तुझ्या आजीनं एका वाक्यात निकाल लावला, "तापीमायनं नाव शे. ठेवा." त्यानंतर कोणी बोललं नाही. आत्यानं तुझ्या कानात कुर्र केलं आणि तू तापी झालीस.

मला हेच नाव का हवं होतं, ते समजायला तुला माझं माहेर आठवायला लागेल. शिंदखेडा तालुक्यातला आमचा तो कोरडा पट्टा. तू पाहिलास तेव्हा गावात नळ आले होते. माझ्या लहानपणी होळी झाली की टँकरची वाट बघणं सुरू व्हायचं. चौकात रिकाम्या हंड्यांची रांग लावून ठेवायची, प्रत्येकीनं आपला हंडा ओळखू यावा म्हणून गळ्याला चिंधी बांधलेली असायची. आमच्या हंड्याला हिरवी होती. टँकर आला की रांग मोडायची आणि बायका एकमेकींच्या अंगावर जायच्या. एरवी त्याच बायका एकमेकींच्या घरी पापड लाटायला जात.

लग्न होऊन आले तेव्हा दोंडाईच्याहून गाडी सारंगखेड्याच्या पुलावर आली आणि मी खिडकीतून खाली पाहिलं. या काठापासून त्या काठापर्यंत पाणी. भूगोलाच्या पुस्तकात तापी काढलेली होती, परीक्षेत तिच्या उपनद्या लिहून मार्क मिळवले होते, पण एवढं पाणी एका जागी मी तोवर बघितलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आजी मला नदीवर ओटी भरायला घेऊन गेली. खण, नारळ, ओंजळभर गहू. नारळ सोडला तर घाटावरच्या पोरांनी धडाधड उड्या टाकल्या आणि एकानं तो पटकावला. मला वाईट वाटलं, आजी मात्र हसली. म्हणाली, तापीमाय पोरांच्या हातानंच जेवते. त्याच दिवशी ठरवलं होतं, मुलगी झाली तर तिचं नाव तापी.

आता नावाच्या मुळाकडे येते. 'तप्' या धातूपासून तपती, म्हणजे तपणारी, झळकणारी. ही सूर्याची मुलगी. पुराणांत तिची आई छाया आणि सख्खा भाऊ शनी. यम आणि यमुना ही सूर्याची संज्ञेपासून झालेली मुलं, म्हणजे यमुना तिची सावत्र बहीण. तपतीचीच तापी झाली. नदी जिथे उगम पावते ते मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्यातलं मुलताई, म्हणजे मूळ तापी. तिथून सातशे चोवीस किलोमीटर पश्चिमेला वाहत ती सुरतेपुढे खंबातच्या आखाताला मिळते. भारतातल्या बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेला जातात. ही आणि नर्मदा मावळतीकडे निघालेल्या.

महाभारताच्या आदिपर्वात तपतीची गोष्ट आहे आणि ती मला फार आवडते. गंगेच्या काठी पांडवांना एक गंधर्व अडवतो. अर्जुन त्याला हरवतो, मग दोघांची मैत्री होते. बोलता बोलता तो अर्जुनाला 'तापत्य' म्हणतो. अर्जुन विचारतो, आम्ही तर कुंतीचे पुत्र, तापत्य कसे? तेव्हा गंधर्व सांगतो ती ही कथा. संवरण नावाचा राजा शिकारीला गेला, भुकेनं-तहानेनं त्याचा घोडा मेला. डोंगरात पायी भटकताना त्याला तपती दिसली आणि तो तिथेच हरवला. ती गुप्त झाली तसा तो जमिनीवर कोसळला. ती परत आली, त्याच्याशी गोड बोलली, माझंही मन तुमच्यावर जडलंय म्हणाली, पण मला वडील आहेत, त्यांच्याकडे मागणी घाला असं सांगून निघून गेली. राजा हात जोडून सूर्याची उपासना करत राहिला. बाराव्या दिवशी वसिष्ठ आले, सूर्याकडे गेले आणि राजासाठी तपतीला मागून घेऊन आले.

लग्नानंतर दोघं बारा वर्षं त्या डोंगरातच राहिले. इकडे राजाच्या राज्यात बारा वर्षं पाऊस नाही. माणसं घरंदारं सोडून दाही दिशांना गेली. शेवटी वसिष्ठांनी राजाला आणि तपतीला नगरीत परत आणलं, आणि पाऊस पडला. पोथीत ही जागा आली की मला पुढचं वाचवत नाही. टँकरच्या गावातल्या मुलीला त्या बारा वर्षांचा अर्थ वेगळा कळतो. पुढे त्यांना मुलगा झाला तो कुरू. त्याच्यावरूनच कौरव, कुरुक्षेत्र, सगळं. पार्थ आणि कौंतेय सगळ्यांना माहीत असतात, तापत्य कुणाला नसतं. पण अर्जुनाला हाक मारताना तुझ्या नावानं मारलेली आहे, हे तुझ्या साहेबांना जरूर सांग.

आपल्याकडे असंही मानतात की गंगेत स्नान केल्यानं जे पुण्य मिळतं, ते नर्मदेच्या नुसत्या दर्शनानं मिळतं आणि तापीच्या नुसत्या स्मरणानं. मी दिवसातून कितीदा तुझं नाव घेते, तूच विचार कर.

तू लिहिलंस की या नावाची दुसरी मुलगी तुला अजून भेटली नाही. तुझ्या पिढीत भेटणं अवघडच आहे. जुन्या पिढीत तापीबाई असायच्या, नदीकाठच्या गावांत तर हमखास. तेव्हा गोदावरी, यमुना, भागीरथी अशी नावं घरोघर होती. आता माझ्या वर्गाच्या हजेरीत आराध्या आहे, अनन्या आहे, स्वरा आहे. नद्यांपैकी शरयू आणि कावेरी अजून टिकून आहेत, कारण ती नावं कानाला नवी वाटतात. तापीच्या मागे 'बाई' लागली ती लागलीच, आणि ताप या शब्दानंही तिचं नुकसान केलं. बंगालकडे मात्र तपती हे मुलीचं नाव चांगलं रुळलेलं आहे. आणि वर्गात नकाशा लावला की मी मुलांना आणखी एक गोष्ट सांगते. थायलंडमध्येही तापी नदी आहे. १९१५ साली तिथल्या राजानं एका गावाला सुरतवरून सुरत ठाणी हे नाव दिलं आणि त्याच्या नदीला आपल्या तापीचं. इतक्या लांबच्या माणसांना ते नाव घ्यावंसं वाटलं आणि आपल्या खान्देशात बारशाच्या यादीत ते येत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता 'ताप्ती'. ते काही चुकीचं नाही. मुलताईकडे लोक ताप्तीच म्हणतात, नंदुरबारवरून जाणारी गाडीसुद्धा ताप्ती-गंगा एक्स्प्रेस. पण आपण शहादा तालुक्यातली माणसं. प्रकाशाला गोमाई जिला मिळते ती तापी, आषाढ शुद्ध सप्तमीला आपण जिचा जन्मदिवस करतो ती तापी, आणि तुझ्या आजीनं ठेवा म्हटलं तेही तापीच. ऑफिसात कुणी ताप्ती म्हटलं तर हसून एकदा दुरुस्त कर, दुसऱ्यांदा म्हटलं तर पुन्हा कर. तू लहान असताना 'माझं नाव तापी' असं मान वर करून सांगायचीस. अजूनही तसंच सांगत जा.

शिवाय तुझ्या जन्मदाखल्यावर आणि दहावीच्या सर्टिफिकेटवर तापीच आहे. पासपोर्टला वेगळं लिहिलंस तर पुढे प्रत्येक ठिकाणी अॅफिडेव्हिट करत बसावं लागेल. टी, ए, पी, आय, एवढंच लिही. दाखल्याचा फोटो मोबाइलवर पाठवलाय. मूळ प्रत पुढच्या आठवड्यात पप्पा पुण्याला येतील तेव्हा आणतील, बरोबर कळण्याचं पीठ आणि बिबडे देते. बिबडे उन्हात चांगले कडकडीत वाळलेत, पण डबा घट्ट लाव, तिकडे पावसाची हवा असेल.

तुझी,
आई