नॅनो पावडर हाताळणाऱ्या कामगारांची नोंद हवी

महोदय,

केंद्र सरकारने 2007 मध्ये नॅनो मिशन सुरू केल्यापासून नॅनो, म्हणजे अतिसूक्ष्म कणांच्या, पदार्थांविषयी आपल्याकडे जे छापून येते, ते बहुतेक त्यांच्या उपयोगांविषयी असते. रंग, लेप, जंतुरोधक कापड यांसाठी लागणारी ही पावडर कारखान्यात कोणीतरी पोते फोडून हॉपरमध्ये ओततो, वजन करतो आणि सांडलेली झाडून काढतो. रसायन उद्योगात सुरक्षा अधिकारी म्हणून नोकरी केलेली असल्याने मला त्या माणसाविषयी लिहायचे आहे.

पदार्थ तोच असला, तरी कण 100 नॅनोमीटरहून (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) बारीक झाले की ते फुप्फुसात खोलवर जातात आणि त्यांचा उपद्रव वाढू शकतो. म्हणूनच कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेच्या ‘नायॉश’ या संस्थेने 2011 मध्ये रंगांत वापरल्या जाणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडसाठी कामाच्या जागेच्या हवेतील प्रमाणाच्या दोन वेगळ्या मर्यादा सुचवल्या : साध्या बारीक धुळीला घनमीटरमागे 2.4 मिलिग्रॅम, तर अतिसूक्ष्म कणांना 0.3 मिलिग्रॅम. कार्बन नॅनोट्यूबसाठी, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांसाठी, 2013 मध्ये सुचवलेली मर्यादा तर घनमीटरमागे अवघी 1 मायक्रोग्रॅम आहे. आपल्या कायद्यातील मर्यादांच्या यादीत नॅनो आकारासाठी असा वेगळा निकष नाही, आणि मी पाहिलेल्या, मालाबरोबर येणाऱ्या बहुतेक सुरक्षा माहितीपत्रकांवर पदार्थाचे नाव असे, कणांचा आकार नसे. मग कंत्राटदाराने आणलेल्या मुलाला कोण काय सांगणार?

हा धोका केवळ कागदावरचा नाही. 2014 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदवलेल्या एका प्रकरणात, निकेलची नॅनो पावडर कोणतेही संरक्षण न घेता उघड्या टेबलावर तोलणाऱ्या रसायनतज्ज्ञ तरुणीला घशाचा व नाकाचा त्रास सुरू झाला, चेहरा लाल होऊ लागला आणि पूर्वी कधीही न बाधलेल्या कानातल्यांची व पट्ट्याच्या बकलाची तिला ॲलर्जी झाली. तिने हाताळलेली पावडर एकदोन ग्रॅमच होती. आपल्याकडे तर पोतीच्या पोती रिकामी होतात.

उपाय माहीत आहेत आणि त्यातले निम्मे फार खर्चाचेही नाहीत. पावडर बंदिस्त जागेत, हवा ओढून घेणाऱ्या हूडखाली तोलावी, शक्य तिथे ती ओली करून वापरावी, जमीन झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसावी किंवा अतिबारीक धूळ अडवणाऱ्या हेपा फिल्टरच्या व्हॅक्यूमने साफ करावी. पाळी सुटताना कॉम्प्रेसरच्या हवेने अंगावरचे कपडे झटकण्याची सवय तर आधी बंद झाली पाहिजे, कारण बसलेली धूळ त्या एका झोताने पुन्हा सगळ्यांच्या नाकाशी येते. मास्कबद्दलही गैरसमज आहे. चांगल्या एन-95 मास्कचा फिल्टर हे कण बऱ्यापैकी अडवतो, पण मास्क चेहऱ्याला घट्ट बसला नाही तर कडेच्या फटीतून ते सरळ आत जातात. त्यामुळे प्रत्येक कामगाराच्या चेहऱ्यावर तो तपासून पाहणे आवश्यक आहे. रुमाल किंवा साधा सर्जिकल मास्क इथे उपयोगाचा नाही.

मला सर्वांत मोठी चिंता नोंदींची वाटते. ॲस्बेस्टॉसचे दुष्परिणाम कित्येक दशकांनी उघड झाले. सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरीच्या सुरुवातीपासून किमान 40 वर्षे किंवा नोकरी सुटल्यापासून 15 वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोपर्यंत जपण्याचा आदेश दिला, तो याच अनुभवातून. कार्बन नॅनोट्यूबच्या एका प्रकाराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2014 मध्येच संभाव्य कर्करोगकारक ठरवले आहे. कंत्राटी कामगार वर्षा-दोन वर्षांत कारखाना बदलतो आणि त्याने काय हाताळले याचा पुरावा जुन्या हजेरीपटाबरोबर रद्दीत जातो.

2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेखालील राज्याच्या नियमांत म्हणून दोन गोष्टी स्पष्टपणे असाव्यात : माहितीपत्रकावर कणांचा आकार छापणे बंधनकारक करावे, आणि नॅनो पावडर हाताळणाऱ्या प्रत्येकाची, कंत्राटी कामगारांसह, नोंदवही व वैद्यकीय तपासणीचे कागद 40 वर्षे जपून त्याची एक प्रत त्या कामगाराच्या हाती द्यावी. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने यासाठी नवा आजार दिसण्याची वाट पाहू नये.

आपला,
एक निवृत्त सुरक्षा अधिकारी, डोंबिवली