शनिवारच्या 131 पत्रांबद्दल: एका पालकाचे आभारपत्र

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

आमचा मुलगा यंदा दहावी उत्तीर्ण होऊन उच्च माध्यमिक विद्यालयात दाखल झाला. त्याच्या जुन्या वह्या आवरताना, त्याच्या सातवीच्या जूनपासून आपण दर शनिवारी पालकांना पाठवलेल्या पत्रांची फाईल हाती आली. मी ती मोजली. 131 पत्रे आहेत. शाळेच्या निरोप समारंभात मी आपले आभार दोन वाक्यांत मानले होते, पण तेवढ्याने भागले नाही ही रुखरुख तेव्हापासून मनात आहे. हे पत्र मी उघडपणे लिहीत आहे, कारण ज्या घरांत हुशार असूनही वर्गात गप्प राहणारे मूल आहे त्या पालकांनी आणि ज्यांच्या वर्गात असे मूल आहे त्या शिक्षकांनीही आपण काय केले ते वाचावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आम्ही फोंडा तालुक्यातले. घरात कोकणी बोलतो आणि वाचन-लेखन मराठीतून करतो. अशी घरे गोव्यात गावोगावी आहेत. मुलगा चौथीपर्यंत गावातल्या मराठी प्राथमिक शाळेत होता आणि तिथे त्याच्या प्रश्नांनी गुरुजींना अक्षरशः भंडावून सोडले होते. पाचवीत माध्यम इंग्रजी झाले आणि हे मूल गप्प झाले. जे मनात येई ते बोलायला शब्द नव्हते, आणि जे शब्द येत होते त्यांत मनातले मावत नव्हते. दोन वर्षे प्रगतिपुस्तकावर ‘साधारण’ हा शेरा येत राहिला. पालकसभेत आम्हाला सांगितले गेले की मुलगा खिडकीबाहेर पाहत बसतो आणि वही पूर्ण करत नाही. आम्ही घरी येऊन त्यालाच रागावलो. ते दिवस आठवले की आजही मला अपराधी वाटते.

सातवीत आपण त्याला शिकवायला आलात आणि महिनाभरातच आम्हाला बोलावून घेतलेत. गणिताच्या वहीतील एक पान आपण समोर ठेवलेत. त्याचे इंग्रजी वाक्य मोडकेतोडके होते, पण त्या वाक्यात पुस्तकात नसलेली एक पद्धत त्याने स्वतः शोधून काढली होती, आणि ती बरोबर होती. आपण भाषेखालचा विचार वाचलात. तोवर ते कोणी केले नव्हते, आणि त्यात आम्हीही आलो.

त्यानंतर सहावी ते आठवीच्या अकरा मुलांना घेऊन आपण शाळा सुटल्यावर एक गट चालवू लागलात. ‘प्रज्ञावान’, ‘असामान्य’ असले कोणतेही बिरुद आपण त्याला लावले नाही. मुले त्याला नुसते ‘शनिवारचा गट’ म्हणत. आणि त्याच संध्याकाळी आपल्या हस्ताक्षरातील एक पान, फोटो काढून, पालकांच्या व्हॉट्सॲपवर येऊ लागले. ज्यांच्याकडे तसा फोन नव्हता त्यांच्या मुलांच्या दप्तरात आपण झेरॉक्स घालून देत होता.

त्या पानात काय असे, ते मी मुद्दाम सांगते. या आठवड्यात गटाने काय केले, मुलांनी कोणते प्रश्न विचारले, त्यांतल्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर आपल्यालाही ठाऊक नव्हते, आणि घरी पैसे खर्च न करता करता येईल अशी एखादी गोष्ट. शेवटच्या ओळीची सुरुवात नेहमी एकच असे: ‘या आठवड्यात आम्हाला जमले नाही ते…’. गुण नसत, क्रमांक नसत, कोणत्याही मुलाचे नाव नसे. प्रत्येक घरासाठी वेगळी अशी दोन-चार ओळींची चिठ्ठी मात्र दप्तरातून बंद पाकिटात येई. हुशार मुलाच्या पालकांना जो तो मूल किती पुढे आहे तेच सांगत असतो. ते कुठे अडले, कशाने हिरमुसले आणि आता आपण काय करायचे, हे आम्हाला सांगणाऱ्या आपण एकट्याच होता.

पहिल्या काही पत्रांतले एक पत्र आमच्या घरात फार गाजले. आपण त्यात द. रा. कापरेकर यांच्याविषयी लिहिले होते. देवळालीच्या शाळेत मुलांना शिकवता शिकवता संख्यांमध्ये रमलेल्या या शिक्षकांनी 1949 मध्ये जगासमोर ठेवलेली 6174 ही संख्या आणि त्यामागची कृती आपण दिली होती. चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडावेत, त्यातून चढत्या क्रमाने मांडलेली संख्या वजा करावी आणि आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करावे. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत 6174 येतेच. आमच्या सासूबाई चौथी शिकलेल्या. गोवामुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात गावोगावी ज्या मराठी शाळा निघाल्या, त्यांतल्याच एका शाळेत त्या शिकल्या. शाळेकडून येणारी इंग्रजी परिपत्रके आम्ही त्यांना कधी वाचून दाखवली नव्हती. आपले पत्र मराठीत होते. त्यांनी चष्मा लावून ते स्वतः वाचले, नातवाला पाटावर शेजारी बसवले आणि गोवा मुक्त झाला ते साल घे म्हणाल्या, 1961.

9611 वजा 1169, उत्तर 8442. मग 5994, 5355, 1998, 8082, 8532. सासूबाई प्रत्येक वजाबाकी तोंडी करून पडताळत होत्या आणि मुलगा वहीत लिहीत होता. सातव्या पायरीला 6174 आले तेव्हा दोघेही एकदमच ओरडले. मग गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला ते साल, 1987, घेतले. ते तीनच पायऱ्यांत पोहोचले. एका सालाला सात पायऱ्या आणि दुसऱ्याला तीनच का, यावर आजी-नातवाची चर्चा रात्री दिवे मालवेपर्यंत चालली होती. वर्गात दोन वर्षे गप्प बसलेल्या मुलाला मी त्या रात्री पुन्हा बोलताना ऐकले. बाई, आपले पत्र मराठीत होते म्हणूनच ते माजघरापर्यंत पोहोचले.

पुढच्या शनिवारचे पत्र मी आजही अधूनमधून काढून पाहते. आधीच्या पत्रात आपण ‘कोणतीही चार अंकी संख्या’ असे लिहिले होते. गटातल्या सहावीच्या एका मुलीने 2222 घेतले आणि पहिल्याच वजाबाकीला शून्य आले. नव्या पत्रात आपण तेच वाक्य पुन्हा लिहून त्यावर एकच आडवी रेघ मारलीत, खालचे शब्द स्पष्ट वाचता येतील अशी, आणि पुढे लिहिलेत की चारही अंक सारखे असतील तर हे जमत नाही, माझी चूक झाली, आणि ती सहावीतल्या एका विद्यार्थिनीने दाखवली.

त्या एका रेघेचे महत्त्व मला पुढच्या वर्षी कळले. आठवीत असताना त्याच्या पाकिटातील चिठ्ठीत आपण लिहिले होते की हा मुलगा चुकलेले उत्तर कागद फाटेपर्यंत खोडतो, आपले चुकणे कोणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून. मी त्याची वही उघडून पाहिली. पान ठिकठिकाणी खोडरबराने इतके घासले होते की पलीकडच्या पानावरची अक्षरे दिसत होती, आणि एके ठिकाणी नखाएवढे भोक पडले होते. ती वही मी रोज पाहत होते, सही करत होते, आणि तरीही ते माझ्या लक्षात आले नव्हते.

आपण चिठ्ठीत पुढे समजावून सांगितले होते की अशा मुलांची बुद्धी वयाच्या पुढे धावते, पण मन मात्र वयाइतकेच असते. तेरा वर्षांचे मूल सोळा वर्षांच्या मुलासारखा विचार करते आणि चुकले की नऊ वर्षांच्या मुलासारखे रडते, आणि त्यात काही विपरीत नाही. सतत ‘हुशार’ म्हणवून घेण्याची सवय लागली की चूक म्हणजे ती ओळखच गमावणे, असे त्याला वाटू लागते. आपण उपायही सांगितला होता: त्याला उपदेश करू नका, रात्री जेवताना स्वतःची त्या दिवशीची एखादी चूक सांगा.

मी एका पतसंस्थेत रोखपाल आहे. त्या रात्री आमटी वाढता वाढता मी सांगितले की आज संध्याकाळी रोकड पाचशे रुपयांनी जुळत नव्हती, मी तीनदा मोजली, अंगाला दरदरून घाम फुटला, आणि शेवटी दोन नोटा एकमेकींना चिकटलेल्या निघाल्या. मुलगा घास हातात धरून माझ्याकडे पाहत राहिला. मग यजमानांनी आपली एक फजिती सांगितली. पाच-सहा दिवस तो नुसता ऐकत होता. आठवड्याअखेरीस तो आपणहून म्हणाला, “आज बाईंनी फळ्यावर बोलावले आणि मी चुकलो.” त्याच्या आवाजात लाज नव्हती. त्यानंतरच्या वह्यांत चुकांवर एक आडवी रेघ दिसू लागली, आपल्या पत्रातल्यासारखी. ती कोणी शिकवली असे मी त्याला विचारले नाही.

परीक्षांविषयीही आपण वेळेवर कळवत राहिलात. आठवीत देता येणारी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती, तिच्यासाठी असलेली साडेतीन लाखांची उत्पन्नमर्यादा, निवड झाल्यास नववी ते बारावी दरवर्षी मिळणारे 12,000 रुपये, हे सारे आपण सोप्या शब्दांत लिहिलेत. गटातल्या निदान दोन घरांना ही शिष्यवृत्ती असते हेसुद्धा माहीत नव्हते. गणित ऑलिंपियाडच्या पहिल्या फेरीआधीचे पत्र तर मी फ्रिजवर चिकटवून ठेवले होते. तीन तासांत तीस प्रश्न, पर्याय नाहीत, उत्तर दोन अंकी पूर्णांकात. या परीक्षेत निम्मे प्रश्न कोरे राहिले तरी मूल बरेच काही शिकून येते, म्हणून ते बाहेर आल्यावर ‘किती सुटले’ असे विचारू नका, ‘कोणता आवडला’ असे विचारा, असे आपण बजावले होते. आम्ही तसेच विचारले. परतीच्या कदंब बसमध्ये तो न सुटलेल्या एका प्रश्नाविषयी फोंड्यापर्यंत बोलत होता.

चतुर्थीच्या सुटीतही आपले पत्र आले होते. माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीला, बांधायच्या प्रत्येक वस्तूचे आपल्या घरात बोलले जाणारे नाव लिहून काढा आणि ती कुठे उगवते ते घरातल्या ज्येष्ठांना विचारा, एवढेच त्यात होते. कवंडळे, कांगले, आंबाडे, तोरिंजने, सुपारीची शिपटी अशी 47 नावांची यादी झाली. त्यासाठी आजी त्याला कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) आणि पलीकडच्या रानात घेऊन फिरली. यादीत वेलींची फळे कोणती आणि झाडांची कोणती, असे दोन गट त्याने स्वतःच पाडले. आम्ही हजारो रुपये भरून ज्या शिकवणीला त्याला घालणार होतो, ती घालायची राहून गेली, आणि त्याचे मला मुळीच वाईट वाटत नाही.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात विशेष प्रतिभा असलेल्या मुलांना ओळखण्याविषयी आणि त्यांच्यासाठी शाळाशाळांतून विषयवार मंडळे चालवण्याविषयी लिहिलेले आहे. ते मी अलीकडेच वाचले. वाचताना माझ्या डोळ्यांसमोर आपली ती खोली आली: एक फळा, अकरा मुले, खिडकीत वाळत घातलेल्या छत्र्या. हे करण्यासाठी आपल्याला वेगळा तास मिळाला नव्हता आणि वेगळे मानधनही नव्हते. निवडणुकीच्या कामावर नेमणूक झाली होती त्या आठवड्यातही पत्र आले. ते चारच ओळींचे होते आणि अक्षर थकलेले होते. त्या चार ओळींतही शेवटची ओळ ‘आम्हाला जमले नाही ते’ हीच होती, आणि त्यात आपण लिहिले होते की या आठवड्यात मला मुलांना वेळ देणे जमले नाही. बाई, ते वाचून मला भरून आले होते.

आता एक विनंती आहे. पाकिटातल्या खासगी चिठ्ठ्या बाजूला ठेवून 131 पत्रांच्या झेरॉक्स प्रती काढून बांधून घ्याव्यात आणि एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात ठेवावी, असे आम्हा काही पालकांच्या मनात आहे. पत्रे आपली आहेत, तेव्हा आपल्या परवानगीशिवाय आम्ही पुढे जाणार नाही. कापरेकरांचे पत्र आणि त्यानंतरचे दुरुस्तीचे पत्र समोरासमोरच्या पानांवर यावे, असा मुलाचा आग्रह आहे.

सासूबाईंनी निरोप सांगितला आहे की येत्या चतुर्थीला आपण सहकुटुंब आमच्याकडे यावे. शक्य असल्यास आदल्या दिवशीच यावे, म्हणजे माटोळी बांधताना आपल्याला हजर राहता येईल. यादी यंदा 52 वर गेली आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली कृतज्ञ,
एक पालक, फोंडा, गोवा