जुने सहा सिलिंडरचे इंजिन काढून टाकू नका, नीट बांधा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या वृत्तपत्रात कोकणातील जुन्या मोटारींविषयी अलीकडे जो मजकूर प्रसिद्ध झाला, त्यात प्लायमथ, डॉज, डिसोटो या गाड्यांची मूळ पेट्रोल इंजिने आता घाट चढण्याच्या लायकीची राहिलेली नाहीत, तेव्हा त्यांच्या जागी जीपचे किंवा टेम्पोचे डिझेल इंजिन बसवणे हाच व्यवहार्य मार्ग आहे, असे सुचवलेले होते. चिपळूण परिसरात माझे मशीन शॉप आहे आणि अशा इंजिनांचे बोअरिंग (सिलिंडर आतून कापून नीट करणे), क्रँक (पिस्टनांनी फिरणारा मुख्य दांडा) ग्राइंडिंग व हेडचे (सिलिंडरांवरच्या झाकणाचे) काम माझ्याकडे येत असते. त्या अनुभवावरून मला ही सूचना चुकीची वाटते. मूळ इंजिन राखून, योग्य मोजमापाने ते बांधले, तर कुंभार्ली किंवा आंबा घाटासाठी हवी तेवढी जास्तीची ताकद त्यातूनच मिळते.

या गाड्यांपैकी बऱ्याच १९४७ पासून मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात जोडल्या गेल्या. त्यांतले नेहमी आढळणारे इंजिन म्हणजे क्रायस्लरचे बाजूच्या व्हॉल्व्हचे (झडपा हेडमध्ये नसून इंजिनाच्या मुख्य ओतीव भागात, म्हणजे ब्लॉकमध्ये, सिलिंडरच्या बाजूला असलेले), एका रांगेत सहा सिलिंडर असलेले २१७.८ घन इंचांचे, म्हणजे सुमारे ३,५७० सीसीचे इंजिन. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, सव्वातीन इंच, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल, चार पूर्णांक तीन अष्टमांश इंच आणि क्रँकला आधार देणारी चार मेन बेअरिंगे. युद्धानंतरच्या प्लायमथमध्ये त्याची ताकद मिनिटाला ३,६०० फेऱ्यांना ९५ अश्वशक्ती होती. मात्र त्याचा खरा गुण वेगळा आहे. त्याचा जास्तीत जास्त टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, १,२०० फेऱ्यांच्या आसपासच मिळतो, आणि सहा सिलिंडरांच्या रांगेत पिस्टनांच्या हालचालीचे धक्के एकमेकांना तोलून धरत असल्याने ते थरथरत नाही. भरल्या गाडीने वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये चढताना चालकाला नेमके हेच हवे असते. या चासीवर डिझेल इंजिन चढवले की पुढच्या अॅक्सलवरचे वजन, माउंटिंग, गिअरबॉक्सचे गुणोत्तर आणि थंडाव्याची व्यवस्था असे सगळेच बदलत जाते, आणि शेवटी जी गाडी उभी राहते ती धड जुनीही नसते आणि धड नवीही नसते.

ताकद वाढवायची म्हणून पहिल्याच दिवशी दोन कार्ब्युरेटर शोधायला निघणाऱ्यांना माझी विनंती आहे, की आधी इंजिनाने गमावलेली ताकद किती आहे ते पाहावे. सहाही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर आल्यावर आत तयार होणारा दाब, मोजावे. दोन सिलिंडरांत दहा टक्क्यांहून जास्त फरक आढळला तर बाकी सगळी खटपट व्यर्थ आहे. इंजिन उतरवल्यावर डायल बोअर गेजने प्रत्येक बोअर वर, मध्ये आणि खाली, तसेच क्रँकच्या दिशेने व तिच्या आडव्या दिशेने, असा मोजावा. झीज वरच्या भागात, पिस्टनच्या रिंगा जिथे थांबतात तिथे सर्वांत जास्त असते आणि बोअर गोल न राहता लंबगोल झालेला असतो. मोठा पिस्टन घातला की ताकद वाढते असा समज आहे, तो हिशेबाला टिकत नाही. बोअर तीस थाऊने, म्हणजे इंचाच्या हजार भागांपैकी तीस भागांनी वाढवला, तरी सहा सिलिंडरांत मिळून इंजिन जेमतेम ६६ सीसीने मोठे होते. हे दोन टक्केही नाहीत. रिबोअरचे खरे काम सिलिंडर पुन्हा सरळ आणि गोल करणे हे आहे, आणि ते जितक्या कमी थाऊत साधेल तितके चांगले, कारण पुढच्या पिढीलाही तोच ब्लॉक वापरायचा आहे.

२२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या घराघरांत आणि गॅरेजांत शिरले, त्या वेळी अशी काही इंजिनेही गाळात बुडाली. बुडालेले इंजिन स्टार्टरने फिरवून पाहण्याचा मोह धरू नये. प्लग काढून सिलिंडरांत पातळ तेल ओतावे, ते मुरू द्यावे आणि मगच क्रँक हाताने अगदी थोडी मागे-पुढे हलवून पाहावी. पिस्टनवर हातोडा मारून अडकलेले इंजिन सोडवले की बहुधा एखादा पिस्टन फुटतो आणि वाचला असता असा बोअरही खराब होतो.

आता ज्या भागाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते त्याविषयी. या इंजिनाच्या ब्लॉकमध्ये, वॉटर पंपाच्या मागून शेवटच्या सिलिंडरपर्यंत, पत्र्याची एक लांबट नळी आडवी बसवलेली असते. तिला ठरावीक ठिकाणी खाचा असतात आणि रेडिएटरमधून आलेले थंड पाणी त्या खाचांतून थेट एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या (जळका वायू बाहेर सोडणाऱ्या झडपांच्या) सीटांकडे, म्हणजे बैठकांकडे, सोडले जाते. ही नळी बाहेरून दिसत नाही. रेडिएटर आणि पंप काढल्याशिवाय तिला हातच लागत नाही. कोकणात, विशेषतः किनाऱ्यालगत, विहिरीचे मचूळ पाणी वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये ओतले गेले असल्याने ही नळी आतून गंजलेली असते. वाकवलेल्या सळीचा आकडा आत घालून ती ओढली, तर अखंड नळी क्वचितच हाती येते. येतात ते तपकिरी पत्र्याचे तुकडे आणि त्यांच्यामागे चिकट, तांबडा गाळ. अशी नळी तशीच ठेवली तर पंपाजवळच्या सिलिंडरांना पाणी मिळते, मागच्यांना मात्र ते पुरत नाही. मग पाचव्या-सहाव्या सिलिंडरचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतात, सीट आणि बोअर यांच्यामध्ये तडे जातात, आणि मालक म्हणतो की ही जुनी इंजिने तापतातच. ती मुळात तापणारी नाहीत. ब्लॉकच्या बाजूचे वेल्च प्लग (पाण्याच्या वाटांची पत्र्याची बुचे) काढून, आतल्या सगळ्या वाटा तारेने खरवडून व पाण्याच्या झोताने धुऊन, पितळेची किंवा स्टेनलेसची नवी नळी बसवावी आणि यापुढे डिस्टिल्ड पाण्यात गंजरोधक कूलंट मिसळूनच भरावे. एवढे झाले की घाटात तापमानाचा काटा जागच्या जागी राहतो. जास्तीच्या ताकदीचा विचार त्यानंतर करावा, कारण ताकद वाढली की उष्णताही वाढते.

ती जास्तीची ताकद हेडमधून मिळते. या इंजिनाचे मूळ कॉम्प्रेशनचे प्रमाण, म्हणजे मिश्रण किती पट दाबले जाते ते, ६.६ ला १ आहे, आणि ते त्या काळच्या हलक्या ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी ठेवलेले होते. कंपनीनेच पुढे १९४९ च्या गाड्यांत ते ७ पर्यंत नेले. आज ७.२ पर्यंत जाणे सुरक्षित आहे. तीस थाऊ वाढवलेल्या बोअरला त्यासाठी प्रत्येक ज्वलनकक्षाचे आकारमान सुमारे साडेआठ घन सेंटीमीटरने कमी करावे लागते. ते अंदाजाने करू नये. हेड पालथे ठेवून, कक्षावर भोक पाडलेली अॅक्रिलिकची पट्टी ग्रीसने चिकटवून, ब्युरेटमधून रंगीत पातळ तेल सोडून सहाही कक्ष मोजावेत. गॅस्केटची जाडी आणि पिस्टन ब्लॉकच्या पृष्ठभागापासून किती वर-खाली थांबतो, हेही हिशेबात धरावे. सहा कक्षांत फरक निघाला तर मोठ्या कक्षाला मापाचे मानून लहान कक्ष घासून त्याच्या बरोबरीला आणावेत आणि मगच हेड प्लेन करावे, म्हणजे खालून सपाट कापावे. बाजूच्या व्हॉल्व्हच्या इंजिनात हेड जास्त कापले, तर व्हॉल्व्ह हेडला आपटतो आणि व्हॉल्व्हकडून सिलिंडरकडे जाणारी वायूची वाटही आकसते, म्हणजे एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले जाते. त्यासाठी व्हॉल्व्हवर प्लॅस्टिसिनचा गोळा ठेवून, जुन्या गॅस्केटसह हेड आवळून, इंजिन हाताने दोन फेरे फिरवावे आणि गोळ्याची उरलेली जाडी मोजावी. सिद्धांताने ६.६ वरून ७.२ वर गेल्यास तेवढ्याच पेट्रोलमध्ये तीन टक्क्यांच्या आसपास जास्त काम मिळते. आकडा लहान दिसतो, पण हा लाभ अगदी कमी फेऱ्यांपासून मिळतो, आणि घाटात त्याचीच गरज असते.

व्हॉल्व्हच्या सीटा तीन कोनांत घासणे, मॅनिफोल्ड आणि गॅस्केटची भोके ब्लॉकच्या भोकांशी जुळवणे, पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड वजनाने सारखे करून घेणे ही कामे खर्चाने कमी आणि फळाने मोठी आहेत. मॅनिफोल्डमधली उष्णता नियंत्रित करणारी झडप आपल्या खाऱ्या हवेत हमखास गंजून बसते. ती बंद स्थितीत अडकली तर आत येणारे मिश्रण कायम तापत राहते आणि गाडी अकारण मंद होते. व्हॉल्व्ह उघडणारी कॅमशाफ्ट मात्र मूळ प्रोफाइलचीच (मूळ आकाराचीच) ठेवावी. वरच्या फेऱ्यांसाठी घडवलेली कॅम घातली की खालचा टॉर्क हरवतो आणि घाटात तीच गाडी आधीपेक्षा दुबळी वाटते. याच घराण्यातल्या २३० घन इंचांच्या इंजिनाची लांब स्ट्रोकची क्रँक तिच्या रॉडांसह बसवण्याचा मार्गही जाणकारांना माहीत आहे, पण ज्याची मूळ क्रँक निकामी झाली आहे त्यालाच मी तो सुचवतो.

पेट्रोलचा प्रश्न खरा आहे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले, तेव्हा जुन्या इंजिनांच्या सीटा जळतील अशी भीती होती. या इंजिनाच्या एक्झॉस्ट सीटा मुळातच कठीण धातूच्या, वेगळ्या बसवलेल्या असल्याने ते त्यातून निभावले. आताच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचे तसे नाही. इथेनॉल जुने रबर, पंपाचे डायफ्रॅम आणि बुचाचे तरंगे खराब करते, कोकणच्या दमट हवेतले पाणी शोषून घेते, आणि मिश्रण पातळ करते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते. म्हणून होसपाइप व डायफ्रॅम इथेनॉलला टिकणारे घ्यावेत, कार्ब्युरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारे मुख्य छिद्र) थोडा मोठा करून प्लगचा रंग पाहावा, आणि गणपतीपर्यंत गाडी उभीच राहणार असेल तर पावसाळ्याआधी टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करावेत.

शेवटी परिवहन खात्याकडे एक मागणी. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांपेक्षा जुन्या वाहनांसाठी ‘व्हीए’ मालिकेतील स्वतंत्र नोंदणी सुरू झाली. त्यासाठी वाहन मूळ स्वरूपात असावे आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत, अशी अट आहे. डिझेल इंजिन बसवलेली गाडी या अटीतून बाहेर पडते, हे आपल्या वाचकांना सांगणे आवश्यक होते. पण तोच ब्लॉक, त्यावर कोरलेला तोच इंजिन क्रमांक, आणि आत रिबोअर केलेले सिलिंडर, प्लेन केलेले हेड व नवी बेअरिंगे, हे फेरफार धरायचे की दुरुस्ती, याबाबत प्रत्येक कार्यालयात वेगळे उत्तर मिळू नये. रिबोअर, क्रँक ग्राइंडिंग आणि हेड सरफेसिंग ही दुरुस्ती समजावी, असे लेखी परिपत्रक खात्याने काढावे. तोपर्यंत मालकांनी काम सुरू होण्यापूर्वी इंजिन क्रमांकाचा स्पष्ट फोटो काढावा, मशीन शॉपकडून प्रत्येक मापाची सहीनिशी नोंद घ्यावी, आणि ज्यांनी डिझेल आधीच चढवले आहे त्यांनी कोपऱ्यात पडलेला जुना ब्लॉक भंगारवाल्याला न देता, बोअरना ग्रीस फासून, तेलकट कापडात गुंडाळून, जमिनीपासून उंच फळीवर ठेवावा.

आपला विश्वासू,
एक मशीन शॉपचालक, चिपळूण, जि. रत्नागिरी