सुतळी तुमची आमच्याकडेच राहिली

ट्रॅक्टरवाले भाऊ,

त्या दिवशी चहासुद्धा अर्धा टाकून गेलात, म्हणून हे पत्र.

जूनच्या आंधीत अंगणातला कडुनिंब आडवा झाला, तेव्हापासून त्याचं सरपण कसं करायचं यावर आमच्या निम्म्या लष्कर पेठेचे सल्ले ऐकून झाले. एकजण १,५०० रुपये इसार घेऊन गेला, त्याचा फोन अजून बंदच आहे. दुसऱ्याने खोडाला पायाने ढोसलं आणि ‘गाठीचं लाकूड’ म्हणून दुप्पट भाव सांगितला. आमच्याच एका नातेवाइकांचं म्हणणं, वखारीला देऊन टाक नि गीझर लाव. गीझर आहे हो घरात! पण ग्वाल्हेरच्या पौषात ८७ वर्षांच्या सासूबाईंना लाकडावर तापणाऱ्या बंबाचंच पाणी लागतं, त्याला मी काय करू?

तुम्ही लाकूड फोडायला आलात ते माझ्यावरच ओरडलात. “काकू, शाल काढा, नाहीतर लांब उभ्या राहा.” राग आला होता, खरं सांगते. मग तुम्ही ट्रॅक्टरच्या मागचा फिरता दांडा दाखवलात. मिनिटाला ५४० फेरे. शालीचं टोक गुंतलं तर ओरडायलाही वेळ मिळायचा नाही. मी मुकाट पायरीवर जाऊन बसले. आमच्या कुऱ्हाडीने ज्या ओंडक्याचे नुसते टवके उडाले होते, त्यात त्या दांड्यावर फिरणारा आटेदार लोखंडी सुळका शिरला आणि करकर करत लालसर गाभा उघडा पडला.

पण आभार त्याचे नाहीत. तुकडे करायच्या आधी तुम्ही ट्रॅक्टर बंद केलात. “बंब कुठाय?” चपला पायरीशी काढल्यात, न्हाणीघरात उकिडवे बसलात, खिशातली सुतळी बंबाच्या नळकांड्यात सोडून तिला गाठ मारलीत. पहिला तुकडा स्वतः आणून आत टाकून पाहिलात. सासूबाई आतून म्हणाल्या, “याच्या घरी बंब असणार.” पुढची सगळी बंबफोड त्याच गाठीच्या मापाची.

तासावर पैसे घेणाऱ्या माणसाने दुसऱ्याच्या न्हाणीघरात दहा मिनिटं घालवावीत आणि ती हिशोबात धरू नयेत! इसारवाल्याला हे कोणीतरी वाचून दाखवा.

फोड अजून ओलसर आहे, धूर करते. तुम्ही सांगितलंत तशी फटी ठेवून रचली आहे, वर पत्रा टाकलाय. सुतळी बंबाशेजारच्या खिळ्याला आहे; सासूबाई कोणाला हात लावू देत नाहीत. संक्रांतीला गुळाच्या पोळ्या करतेय. या, आणि चहा पुरा पिऊन जा.

लष्करातल्या काकू